खेळ कारागिराचा, हिशेब शेठचा

व्यापार-उद्योगाच्या या पानावर सुताचे भाव, वीजबिल, जीएसटी आणि थकलेली उधारी यांची चर्चा नेहमीच होते. आज मात्र आम्ही वाचकांपुढे एक सिनेमा ठेवणार आहोत, आणि तोही अमेरिकेतल्या बास्केटबॉलचा. भिवंडीच्या मागवाल्याचा, मुंब्र्याच्या शिलाई कारागिराचा आणि कल्याणच्या कापड दुकानदाराचा त्या उंच गड्यांच्या खेळाशी काय संबंध, असा सवाल कोणीही करील. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. या सिनेमात चेंडू क्वचितच दिसतो. दिसतो तो धंदा. मेहनत कोणाची, माल कोणाचा, भाव ठरवणार कोण आणि काम बंद पडले तर आधी कोणाची चूल विझणार, हेच त्यातले प्रश्न आहेत. यांपैकी एकही प्रश्न आपल्याला नवा नाही.

सिनेमाचे नाव 'हाय फ्लाइंग बर्ड'. स्टीव्हन सोडरबर्ग या नामवंत दिग्दर्शकाचा हा सिनेमा २०१९ च्या फेब्रुवारीत नेटफ्लिक्सवर आला. पटकथा टॅरेल अल्विन मॅक्रेनी यांची आहे. मोठा कॅमेरा न वापरता हा सिनेमा आयफोनवर चित्रित केला गेला. ज्यात माणसे बोलतातच जास्त, असा हा सिनेमा आहे. करमणुकीसाठी पाहणारा कदाचित अर्ध्यावर उठेल, पण ज्याने आयुष्यात एकदा तरी शेठच्या गादीसमोर बसून भावावर हुज्जत घातली आहे तो उठणार नाही.

टाळेबंदीची गोष्ट

अमेरिकेत बास्केटबॉलची सर्वात मोठी संस्था म्हणजे एनबीए. तिच्यात ३० संघ आणि प्रत्येक संघाला मालक. खेळाडूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय, तर मालक बहुतेक सगळे गोरे आणि गडगंज. खेळाडूंचीही संघटना आहे. दोन्ही पक्षांत काही वर्षांसाठी करार होतो आणि खेळातून येणाऱ्या पैशातला किती वाटा खेळाडूंना मिळावा हे त्यात ठरते. कराराची मुदत संपली आणि नवा करार जमला नाही तर मालक सरळ टाळे ठोकतात. सामने बंद, सराव बंद, पगार बंद. गिरणीतली टाळेबंदी आणि ही टाळेबंदी यांत कायद्याच्या नजरेने फारसा फरक नाही.

सिनेमा सुरू होतो तेव्हा अशी टाळेबंदी चालू आहे. रे बर्क हा खेळाडूंचा एजंट, आपल्या भाषेत दलाल. ही भूमिका आंद्रे हॉलंड यांनी केली आहे. एरिक स्कॉट हा त्याचा नवा खेळाडू. मोठ्या संघाने त्याची निवड केली, वर्तमानपत्रांत नाव आले, पण टाळेबंदीमुळे एक पैसाही हातात पडलेला नाही. नाव झाले म्हणजे पैसा येणारच, या भरवशावर पोराने जबर व्याजाचे कर्ज घेऊन ठेवले आहे. खुद्द दलालाची अवस्थाही बरी नाही. उपाहारगृहात बिल द्यायला तो कार्ड काढतो, तर ते चालत नाही, कारण कंपनीने खर्च गोठवला आहे. मालकांची घाई मात्र कुठेच दिसत नाही. त्यांचे इतर धंदे चालू आहेत. सहा महिने सामने झाले नाहीत तरी त्यांच्या घरी काही अडत नाही.

मग रे एक खेळी करतो. ब्राँक्समध्ये स्पेन्स नावाचे एक बुजुर्ग प्रशिक्षक गरीब मुलांना खेळ शिकवतात. त्यांच्या कार्यक्रमात एरिक आणि त्याच्याच संघातला दुसरा खेळाडू यांची गाठ पडते आणि दोघे मुलांसमोर एकमेकांशी भिडतात. हा सामना दिग्दर्शकाने पडद्यावर दाखवलेलाच नाही. दाखवला आहे तो त्याचा परिणाम. मुलांनी मोबाइलवर घेतलेली चित्रफीत काही तासांत देशभर फिरते. मोठे स्टेडियम नाही, संघाचा गणवेश नाही, टीव्ही वाहिनी नाही, मालक तर नाहीच, आणि तरी लोक बघायला तयार आहेत! खेळाडूंनी आपले सामने थेट इंटरनेट कंपन्यांना विकले तर, अशी कुजबुज सुरू होते. ही बातमी मालकांच्या कानावर जाते आणि इतके दिवस ताणून धरलेली टाळेबंदी झटक्यात मिटते.

आमच्या मते सिनेमाचे मर्म इथेच आहे. खेळाडू दमदार आहेत हे मालकांना आधीपासून ठाऊक होते आणि त्या दमाची त्यांना कधी धास्ती वाटली नव्हती. खेळाडू आपल्यावाचून गिऱ्हाइकापर्यंत पोहोचू शकतात हे दिसले, तेव्हा मात्र ते वाटाघाटीला बसले.

सात टक्क्यांचे भांडण

ही सारी लेखकाची कल्पना नाही. १ जुलै २०११ रोजी एनबीएच्या मालकांनी खरोखर टाळे ठोकले होते आणि ते १६१ दिवसांनी, ८ डिसेंबरला उघडले. हंगामाचे ८२ सामने कमी करून ६६ करावे लागले. भांडण वाट्याचे होते. जुन्या करारात खेळासंबंधीच्या उत्पन्नातून ५७ टक्के खेळाडूंना मिळत. आम्ही तोट्यात आहोत, हा वाटा परवडत नाही, असे मालकांचे म्हणणे होते. अखेर खेळाडूंचा वाटा ४९ ते ५१ टक्क्यांच्या दरम्यान आला. ऐकायला सहा-सात टक्के थोडे वाटतात. पण त्या वेळचे वार्षिक उत्पन्न सुमारे ४०० कोटी डॉलर धरले तर सात टक्के म्हणजे वर्षाला २८ कोटी डॉलर एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले.

मालकांच्या तोट्याचे पुढे काय झाले तेही पाहू. बोस्टनचा सेल्टिक्स संघ २००२ साली ३६ कोटी डॉलरला विकला गेला होता. तोच संघ २०२५ साली विकला गेला तेव्हा त्याची किंमत ६१० कोटी डॉलर धरण्यात आली. एनबीएने २०२४ मध्ये प्रक्षेपणाचे हक्क ११ वर्षांसाठी सुमारे ७,६०० कोटी डॉलरला दिले. व्यापाऱ्याला यातली मेख लगेच कळेल. वर्षाच्या ताळेबंदात तोटा दिसत असला तरी दुकानाच्या जागेची किंमत वाढतच असते. पगार मागायला आलेल्याला ताळेबंद दाखवला जातो, जागेचा भाव सांगितला जात नाही.

तरीही एका गोष्टीचे आम्हाला कौतुक वाटते. खेळाडूंचा वाटा कमी झाला, पण वाटा आहे हे तत्त्व शाबूत राहिले. निम्मे तुमचे, निम्मे आमचे, असे कागदावर लिहिलेले आहे. हे फुकट मिळालेले नाही. बॉब कूझी या खेळाडूने १९५४ साली संघटनेचा पाया घातला, पण मालक तिला बरीच वर्षे मोजत नव्हते. १४ जानेवारी १९६४ रोजी बोस्टनमध्ये देशातल्या निवडक खेळाडूंचा मोठा सामना होता. टीव्हीवर तो संध्याकाळच्या ऐन गर्दीच्या वेळी दाखवला जाणार होता. बिल रसेल, ऑस्कर रॉबर्टसन, जेरी वेस्ट, एल्जिन बेलर यांच्यासारखे नामांकित खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीत बसून राहिले. पेन्शनचे वचन मिळाल्याशिवाय मैदानात उतरणार नाही, असे त्यांनी सांगितले. बाहेर प्रेक्षक आणि कॅमेरे वाट पाहत होते. मालकांनी धमक्या देऊन पाहिल्या आणि शेवटी वचन दिले. तेव्हा कुठे सामना सुरू झाला.

हे खेळाडू जून महिन्यात रिकाम्या मैदानावर बसून राहिले असते तर त्यांना कोणी विचारले नसते. मालकाला आपली गरज नेमकी कधी असते, हे त्यांनी ओळखले. ईदच्या पंधरा दिवस आधी कटिंग मास्टरचा शब्द जितका चालतो तितका ईदनंतर चालत नाही, हे आपल्या बाजारात कोणाला सांगावे लागणार नाही.

यालाच जोडून बांधीलपणाचा प्रश्न येतो. त्या काळी खेळाडू एकदा एका संघाचा झाला की करार संपल्यावरही त्याच संघाला बांधलेला राहत असे. दुसरीकडे जास्त भाव मिळत असला तरी जाता येत नसे. ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नावाने १९७० साली याविरुद्ध दावा लागला आणि १९७६ मध्ये समझोता होऊन खेळाडूंना मोकळे होण्याचा रस्ता उघडला. उचल घेतलेला मागवाला कामगार उचल फिटेपर्यंत दुसऱ्या कारखान्यात जाऊ शकत नाही, तसाच हा प्रकार होता. फरक इतकाच की खेळाडूंच्या डोक्यावर उचलही नव्हती.

कल्याणच्या गोलंदाजाचा भाव

बांधलेला भाव आणि खुल्या बाजाराचा भाव यांतले अंतर पाहायला अमेरिकेला जाण्याची गरज नाही. कल्याण स्टेशनपर्यंत गेले तरी पुरे. कल्याणमध्ये जन्मलेला वेगवान गोलंदाज तुषार देशपांडे याला आयपीएलच्या २०२२ च्या लिलावात चेन्नई सुपर किंग्जने २० लाख रुपयांना घेतले. २०२३ च्या हंगामात त्याने २१ बळी घेतले, संघात सर्वात जास्त. त्या वर्षी चेन्नईने विजेतेपद पटकावले. पण लिलावात एकदा लागलेला भाव संघ खेळाडूला ठेवेपर्यंत तोच राहतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मोठा लिलाव झाला, देशपांडेचे नाव पुन्हा खुल्या बाजारात आले आणि राजस्थान रॉयल्सने त्याच्यासाठी ६ कोटी ५० लाख मोजले. पहिल्या भावाच्या साडेबत्तीस पट! गोलंदाज तोच, हात तोच. फक्त दोन गिऱ्हाइके समोरासमोर आली.

चेन्नईच्या संघाने इथे काही गैर केले असे आम्ही म्हणत नाही. नियम सर्वांना एकच आहे, आणि नवख्या खेळाडूवर डाव लावण्याची जोखीमही संघच घेतो. मुद्दा नियम कोण करतो हा आहे. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले, म्हणजे वर्षाला सुमारे ९,६७८ कोटी. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायला १२० कोटींची थैली होती. दहा संघांचे मिळून १,२०० कोटी. हे प्रक्षेपणाच्या उत्पन्नाच्या सुमारे आठवा हिस्सा होतात. सामन्यागणिक मिळणारे मानधन मिळवले तरी हिशेब सातव्या हिश्श्याच्या आसपासच राहतो, आणि यात जाहिराती व तिकिटांचे उत्पन्न धरलेलेच नाही. एनबीएच्या खेळाडूला निम्मा वाटा, आपल्या खेळाडूला सातवा. एनबीएच्या खेळाडूंपाशी करार करणारी संघटना आहे. आपल्याकडे निवृत्त क्रिकेटपटूंची संघटना २०१९ मध्ये उभी राहिली, पण आज मैदानात खेळणाऱ्यांच्या वतीने वाट्याची बोलणी करणारी संघटना नाही.

देशपांडेला ६ कोटी मिळाले, मग तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. तक्रार त्याची नाही. डोंबिवलीहून लोकलला लोंबकळत मुंबईच्या मैदानांवर जाणारी शेकडो पोरे आहेत. अजिंक्य रहाणे याच डोंबिवलीत क्रिकेट शिकून भारताचे कर्णधारपद सांभाळण्यापर्यंत गेला. पण एका रहाणेमागे जे नव्याण्णव राहून जातात, त्यांचा भाव वाट्याच्या नियमानेच ठरतो.

मैदान ठाण्याचे, हंगाम सुरतेचा

आता ठाण्याकडे येऊ. टेनिस चेंडूचे क्रिकेट हा आपल्या जिल्ह्याचा जुना नाद. मुंब्रा-कौसा असो, भिवंडी असो, कल्याण-डोंबिवली असो, पावसाळा सरला की प्रत्येक मोकळ्या जागेवर कोणत्या ना कोणत्या पुढाऱ्याच्या नावाचा चषक लागतो. रात्रीच्या दिव्यांखाली सामने होतात, बक्षिसाला रोख रक्कम आणि मोटारसायकल असते, यूट्यूबवर थेट प्रक्षेपणही चालते. या खेळाडूंत शिलाई कारागीर आहेत, रिक्षावाले आहेत, गोदामात माल उचलणारे आहेत. यांची कला कित्येक वर्षे बिनहिशेबी होती.

मार्च २०२४ मध्ये या खेळाचा रीतसर धंदा झाला. इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग या नावाने टेनिस चेंडूची दहा षटकांची स्पर्धा ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर ६ ते १५ मार्च या काळात भरली. सहा संघ होते, आणि मालकांत अमिताभ बच्चन, अक्षय कुमार, हृतिक रोशन, सैफ अली खान आणि करीना कपूर, दक्षिणेकडचे सूर्या आणि रामचरण अशी सिनेमावाली मंडळी. लिलावात खेळाडूची मूळ किंमत ३ लाख आणि एका संघाला १६ खेळाडूंसाठी १ कोटीची थैली. म्हणजे सरासरी काढली तर माणशी सव्वासहा लाखांच्या वर जात नाही. दुसऱ्या हंगामाच्या लिलावात अभिषेक कुमार दल्होर याला माझी मुंबई संघाने २० लाख ५० हजारांना घेतले.

जो पोरगा मोटारसायकलच्या आशेवर खेळत होता त्याला तीन लाख खात्रीने मिळू लागले, ही मोठीच गोष्ट झाली. आम्ही तिला कमी लेखणार नाही. स्टेडियम ठाणे महापालिकेचे. राबोडी आणि स्टेशन दोन्ही जवळ. सामन्यांच्या रात्री रिक्षावाल्यापासून सरबतवाल्यापर्यंत सर्वांच्या हाताला काम. दुसरा हंगामही २६ जानेवारी ते १५ फेब्रुवारी २०२५ या काळात इथेच झाला आणि माझी मुंबई संघाने तो जिंकला. ठाणेकर आता हा आपला वार्षिक मेळा समजू लागले होते.

आणि तिसरा हंगाम सुरतेला गेला. २०२६ च्या जानेवारीत संघ सहाचे आठ झाले, अहमदाबाद आणि दिल्लीची भर पडली, आणि सामन्यांसाठी सुरतेचे लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियम ठरले. माझी मुंबई हे नाव कायम राहिले, मैदान तेवढे गुजरातेत गेले.

कापडाच्या धंद्यातल्या माणसाला सुरत हे नाव ऐकून काय वाटते, ते वेगळे सांगायला नको. भिवंडीच्या मागावर निघालेले ग्रे कापड असो की मुंबईच्या बाजाराचे गिऱ्हाईक असो, सुरतेने ओढून नेलेल्या गोष्टींची यादी आपल्यापाशी जुनीच आहे. त्यात ही एक भर. पण रागावून उपयोग नाही. स्पर्धा कुठे भरवायची हे ज्याच्या हाती हक्क आहे तोच ठरवणार. ठाण्यापाशी मैदान होते, खेळाडू होते, प्रेक्षक होते. हक्क नव्हते.

असाच प्रसंग अमेरिकेतल्या सॅक्रामेंटो शहरावर २०१३ साली आला होता. तिथला किंग्ज हा बास्केटबॉल संघ सिएटलच्या धनिकांना विकून तिकडे हलवण्याचे जवळजवळ ठरले होते. शहराचे महापौर केविन जॉन्सन स्वतः जुने एनबीए खेळाडू. त्यांनी दुसरे गिऱ्हाईक शोधले. त्या गिऱ्हाइकांचे म्होरके विवेक रणदिवे हे मुंबईत वाढलेले, अमेरिकेत जाऊन सॉफ्टवेअरच्या धंद्यात पैसा कमावलेले गृहस्थ. एनबीएच्या मालकांनी मतदान केले आणि २२ विरुद्ध ८ मतांनी संघ हलवण्यास नकार दिला. रणदिवे एनबीए संघाचे पहिले भारतीय वंशाचे प्रमुख मालक झाले. संघाची किंमत ५३.४ कोटी डॉलर धरली गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांचा संघ वरळीच्या एनएससीआय डोममध्ये दोन सामने खेळूनही गेला.

पण संघ शहरात राहिला तो फुकट नव्हे. २०१६ मध्ये नवे स्टेडियम उघडले, त्यासाठी शहराच्या तिजोरीतून २५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली. संघ दुसऱ्या गावी नेण्याची भीती हा मालकांचा फार जुना हत्यार आहे. नगरपालिका असो वा सरकार, या हत्यारापुढे सगळेच नमतात. उद्योग हलवण्याची धमकी देऊन जमीन आणि वीज स्वस्तात घेणाऱ्यांचे डोके याहून वेगळे चालत नाही.

आपल्या देशातल्या बास्केटबॉलची कथाही खुर्चीभोवतीच फिरली. २०१० साली महासंघाने खेळाचे व्यापारी हक्क आयएमजी-रिलायन्सला ३० वर्षांच्या कराराने दिले. २०१५ मध्ये त्याच महासंघाच्या दोन निवडणुका झाल्या. बेंगळुरूत के. गोविंदराज अध्यक्ष झाले, पुण्यात पूनम महाजन. काही महिने एका खेळाला दोन अध्यक्ष होते. शेवटी जागतिक महासंघाने गोविंदराज गटाला मान्यता दिली. या सर्व काळात चेंडू मात्र कोपऱ्यात पडून होता.

आपल्या कारखान्यात

आता हे सारे आपल्या घरात आणून पाहू. भिवंडीत जो माग चालवतो त्याच्याकडे माग आहे, कारागिरी आहे, जागेचे भाडे आणि विजेचे बिलही त्याच्याच डोक्यावर आहे. पण सूत शेठचे आणि कापडही शेठचे. मागवाल्याला मिळते ती मीटरमागे पिकाप्रमाणे मजुरी. बाजार चढला तर नफा शेठचा, आणि बाजार पडला की शेठ सूत देणे थांबवतो. ही टाळेबंदीच आहे, फक्त दाराला टाळे दिसत नाही. शेठपाशी थांबण्याची ताकद आहे, मागवाल्यापाशी महिन्याचा हप्ता आहे. वाटाघाटी सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो. सिनेमातल्या एरिकचे कर्जही हेच सांगते.

काम बंद ठेवून लढण्याची किंमत मुंबईने पाहिलेली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्यांचा धोटा थांबला, पण कापड थांबले नाही. ते भिवंडीच्या मागांवर निघू लागले. गिरणगाव उठला आणि आमच्या भिवंडीत मागांची संख्या वाढली. एकाची चूल विझली तेव्हा दुसऱ्याची पेटली, हे सत्य कडू आहे. कामगारांची मेहनत गिरणीत अडकलेली होती, मालकाचे कापड मात्र कुठेही विणता येत होते. १९६४ चे खेळाडू जिंकले कारण त्यांच्या जागी उभे करायला दुसरे कोणी नव्हते.

म्हणून आमचे म्हणणे असे की नुसती कारागिरी पुरेशी नाही. कारागिराच्या हाती असे काहीतरी हवे जे शेठला दुसरीकडे मिळणार नाही. कोणाकडे ते स्वतःचे डिझाइन असेल, कोणाकडे स्वतःचा शिक्का, कोणाकडे थेट गिऱ्हाइकांची वही. स्पर्धांच्या जर्सीचे काम पाहा. सुरतेहून डॉटनिट कापड येते, मुंब्रा-उल्हासनगरला कटिंग होते, सबलिमेशन प्रिंट होते, ओव्हरलॉकवर शिलाई होते. जर्सीवर संघाचे नाव असते, जाहिरातदाराचे असते, पुढाऱ्याचा फोटो असतो. शिवणाऱ्याचे नाव कुठेच नसते. आमच्याकडून एका आयोजकाने दोनशे जर्सी उधारीवर नेल्या आणि चषक वाटून झाल्यावर चार महिने फोन उचलला नाही. अशा वेळी लिहून घेतलेला कागदच कामाला येतो. अर्धी रक्कम आगाऊ, उरलेली माल देताना, आणि काम रद्द झाले तर कापलेल्या कापडाचे पैसे कोणाचे, हे तीन मुद्दे ज्या कागदावर नाहीत तो कागद रद्दी समजावा.

एकाच शेठला बांधून राहणे हा दुसरा धोका. देशपांडेचा भाव दोन गिऱ्हाइके आल्यावर वाढला. ज्याचे सगळे माग एकाच सुतावर चालतात त्याला भाव मागण्याचा अधिकार उरत नाही. निदान चार मागांचे काम दुसऱ्या घरचे असावे, मजुरी पाच पैसे कमी मिळाली तरी चालेल. तिसरी गोष्ट म्हणजे थोडी शिल्लक. तीन महिने काम नसले तरी ज्याला उसने मागावे लागत नाही, त्याच्याशी शेठ वेगळ्या आवाजात बोलतो.

सिनेमाच्या अखेरीस एरिकच्या हाती एक पाकीट येते. ते त्याला फार आधी दिलेले असते आणि वेळ आल्यावर उघडायला सांगितलेले असते. त्यात पैसे निघत नाहीत, पुस्तक निघते. हॅरी एडवर्ड्स यांनी १९६९ साली कृष्णवर्णीय खेळाडूंच्या बंडावर लिहिलेले. आपल्या आधी कोण लढले आणि कसे लढले हे आधी वाच, असा त्याचा अर्थ. उर्दू शाळेच्या बाकावर बसलेल्या आम्हाला हा शेवट फार आवडला. आपल्या मुलांना आपण मशीन चालवायला शिकवतो, करार वाचायला शिकवत नाही.

आणि एक गोष्ट व्यापारी बंधूंसाठी. हा सिनेमा पाहताना आपण सहजच खेळाडूच्या बाजूने उभे राहतो. पण आपल्यापैकी पुष्कळजण सुरतेच्या शेठपुढे खेळाडू असतात आणि आपल्या कारखान्यात मालक. सुताच्या व्यापाऱ्याकडून आपण जो चोख हिशेब मागतो, तोच आपल्या ओव्हरलॉकवर बसणाऱ्या पोराला नगामागे आपण देतो का? मंदी आली की आपण त्याला ताळेबंद दाखवतो की गाळ्याचा वाढलेला भावही सांगतो? ठाण्याहून सुरतेला स्पर्धा गेली याचे दुःख करताना, आपल्या कारखान्यातून चांगला कारागीर दोन रुपयांसाठी शेजारच्या गल्लीत का गेला, याचाही विचार झाला पाहिजे. येत्या हंगामाच्या ऑर्डरी घेण्याआधी मजुरीचे दर कागदावर लिहून भिंतीला लावावेत, एवढी सुरुवात आपण आपल्यापासून करू शकतो.